भागीचं घोडं

"काय गं, तुमच्या बिलात 'रेडिओ' असं कुठे लिहिलंय का? मला तर सापडेना."

नानांनी हा प्रश्न कुंपणातल्या भगदाडातून टाकला. मी कढीपत्त्याची कुंडी उन्हात सरकवत होते. सिएटलजवळच्या रेडमंडमध्ये एप्रिलात ऊन पडलं की माणसं आणि कुंड्या एकदमच बाहेर येतात.

या भगदाडाबद्दल आधी सांगते. आमच्या दोन घरांमध्ये सहा फुटी लाकडी कुंपण आहे. 19 नोव्हेंबर 2024च्या रात्री जे वादळ आलं, ज्याला टीव्हीवाले बॉम्ब सायक्लोन म्हणत होते, त्यात त्याच्या मधल्या फळ्या आडव्या झाल्या. दुरुस्ती करायची तर वसाहतीच्या समितीकडून फळ्यांचा रंग मंजूर करून आणायला हवा. तो अर्ज आम्ही दोघांनीही अजून केलेला नाही. नानींचं लोणचं इकडे येतं, माझे ढोकळे तिकडे जातात, आणि नानांना बोलायला माणूस मिळतं. घाई कोणाला आहे?

नाना भारतात एका नगरपालिकेत लेखापाल होते. निवृत्त झाले, ग्रीनकार्डावर मुलाकडे आले, पण आक्षेप काढायची सवय विमानात विसरून आले नाहीत. मुलाच्या नावावर येणारं मालमत्ता कराचं बिल मुलगा उघडत नाही, नाना उघडतात. किंग काउंटीचं बिल फेब्रुवारीत येतं, पहिला हप्ता 30 एप्रिलपर्यंत आणि दुसरा 31 ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे आमच्या गप्पांचा हंगाम ठरलेला.

"नाही सापडणार नाना. तो कर 'काउंटी' या एकाच ओळीत दडलेला असायचा. आणि आता तर संपलाय."

"संपलाय? सरकारचा कर संपतो?"

"हा संपतो. 2015च्या एप्रिलात मतदान झालं होतं. 2016पासून नऊ वर्षं वसुली. पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका, सगळ्यांचा मिळून एक रेडिओ उभारायचा म्हणून. पीसर्न म्हणतात त्याला. प्युजेट साउंड इमर्जन्सी रेडिओ नेटवर्क."

"किती?"

नानांचा पहिला प्रश्न नेहमी हाच.

"घराच्या किमतीच्या दर हजार डॉलरला सात सेंट."

नानांनी डोळे मिटले. त्यांच्या डोक्यात अजून पावकी-निमकी चालते. "साडेचार लाखांचं घर धरलं तर साडेएकतीस डॉलर वर्षाचे. एका माणसाच्या हॉटेलातल्या जेवणाएवढे."

"बरोबर. तो पहिल्या वर्षीचा कमाल दर. पुढे वसुलीच्या वाढीला मर्यादा होती, आणि घरांच्या किमती पळत सुटल्या, म्हणून दर उलट खाली येत गेला. नऊ वर्षांत सगळे मिळून 27 कोटी 30 लाख डॉलर जमवायचे होते."

हा आकडा ऐकून नानी बाहेर आल्या. हातात उलथनं तसंच. "एका रेडिओला सत्तावीस कोटी?"

"एक नाही हो नानी. डोंगरांवरचे मनोरे, त्यांच्या खोल्या, जनरेटर, मनोऱ्यांना जोडणारी यंत्रणा, शिवाय प्रत्येक शिपायाच्या खांद्यावरचा संच. पन्नासाहून जास्त ठिकाणी मनोरे आहेत. काउंटी केवढी आहे बघा ना. इकडे समुद्राची खाडी, तिकडे कॅस्केड पर्वतरांग. बावीस लाखांवर माणसं, 39 शहरं. स्नोक्वाल्मीच्या घाटात गाडी दरीत गेली तरी तिथल्या माणसाचा आवाज आला पाहिजे, आणि सिएटलच्या तळघरात आग लागली तरी आला पाहिजे."

"मोबाइल नाहीत का त्यांच्याकडे?"

"त्या वादळात आपल्या मोबाइलचं काय झालं होतं?"

नानी गप्प. दिवे गेल्यावर थोड्या वेळाने फोनच्या रेघाही गेल्या होत्या. त्या वादळात वॉशिंग्टन राज्याच्या या भागात पाच लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, झाडं घरांवर पडली, माणसंही दगावली. आमच्या पूर्वेच्या बाजूला, म्हणजे बेलव्ह्यू, इसाक्वा, समामिश इकडे तर काही ठिकाणी दिवसच्या दिवस अंधार होता. मोबाइल कंपनीचा मनोरा धंद्यासाठी उभा असतो. बॅटरी संपली की तो बसतो, आणि त्याआधी सगळं गाव एकदम फोन लावायला लागलं की तुंबतो. आगीच्या बंबाला त्या रांगेत उभं करून चालत नाही. म्हणून त्यांचा रेडिओ वेगळा, मनोरे वेगळे, वीज गेली तरी चालावेत अशी सोय वेगळी. त्या वेगळेपणाचेच पैसे.

"ते पटलं," नाना म्हणाले. "पण सगळ्यांनी मिळून कशाला? आपापला घ्यावा. भागीचं घोडं किवणानं मरतं."

आता यावर मात्र मी कुंडी सोडून नीट उभी राहिले. कारण या म्हणीत नानांचं निम्मं बरोबर आहे, निम्मं नाही.

आपापल्या घोड्याची गोष्ट सांगते. माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असते. तिच्या वरच्या अंगाला ओकलंड शहर. 20 ऑक्टोबर 1991 रोजी ओकलंडच्या टेकड्यांवर आग भडकली. 25 माणसं गेली, हजारो घरं जळाली. आजूबाजूच्या गावांचे बंब मदतीला धावले. आणि काय झालं? ओकलंडच्या पाण्याच्या खांबांची तोंडं तीन इंचांची, आणि शेजारच्या गावांचे पाइप अडीच इंचांचे. आग समोर, पाणी समोर, आणि पाइप बसेना. जोडणीचे तुकडे शोधत माणसं फिरत होती. रेडिओचीही तीच तऱ्हा, सगळ्यांनी एकदम बोलायला सुरुवात केल्यावर कोणाचं कोणाला कळेना.

"अरे देवा," नानी म्हणाल्या.

"पुढे ऐका. इतकं होऊनही वीसेक वर्षांनी ओकलंडने रेडिओ पुन्हा स्वतःचाच घेतला. ओकलंड ज्यात येतं ती अलामीडा काउंटी आणि शेजारची काँट्रा कोस्टा, अशा दोन काउंट्या मिळून एक सामाईक यंत्रणा उभारत होत्या. ओकलंड म्हणालं, आमचं आम्ही बघू. 2012च्या जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा ओकलंडला आले, आणि नेमका त्याच दिवशी पोलिसांचा रेडिओ बंद पडला. बंदोबस्तातले पोलीस एकमेकांशी बोलू शकेनात. मग शोधाशोध. त्यात निघालं की एका मोबाइल कंपनीच्या मनोऱ्यांच्या लहरीही पोलिसांच्या रेडिओत घुसतायत."

"आणि मग?"

"मग काय, काही वर्षांनी गेलं ओकलंड सामाईक यंत्रणेत."

"म्हणजे आधी स्वतःच्या यंत्रणेचा खर्च, मग तिच्या दुरुस्तीचा, आणि वर सामाईकात शिरायचा," नाना पुटपुटले. "तीनदा पैसे." लेखापरीक्षणात हा परिच्छेद त्यांनी लाल शाईनेच लिहिला असता.

खरं म्हणजे अशी उदाहरणं अमेरिकेत गावोगाव आहेत. 11 सप्टेंबर 2001ला न्यूयॉर्कमध्ये पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून, हल्ल्यात पेटलेल्या जुळ्या इमारतींपैकी उत्तरेकडची पडायला आलीय हे दिसत होतं. आत असलेल्या अग्निशमन जवानांपर्यंत तो इशारा धड पोचला नाही. दोन खाती, दोन रेडिओ. त्या दिवशी अग्निशमन दलाचे 343 जण गेले. तेव्हापासून 'सगळ्यांना एकमेकांशी बोलता आलं पाहिजे' हे वाक्य इथल्या प्रत्येक शहराच्या ठरावात असतं. वाक्य फुकट असतं. यंत्रणा नसते.

आमच्या काउंटीत आधी सामाईक नव्हतं असंही नाही. नव्वदच्या दशकात उभारलेली एक यंत्रणा होती, पण तिचे मालक चार. काउंटी एक, सिएटल शहर दोन, आमच्या पूर्वेकडच्या शहरांची संस्था तीन, आणि दक्षिणेकडच्या शहरांची चार. प्रत्येकाच्या मालकीचा तुकडा वेगळा, देखभाल ज्याची त्याची. मनोरे पुरेसे नाहीत, गावं वाढली, नव्या वस्त्यांत आवाज तुटायचा. त्यात बनवणाऱ्या कंपनीने कळवलं की आता सुटे भागही मिळणार नाहीत आणि दुरुस्तीही होणार नाही. माझ्या मते नानांच्या म्हणीतलं किवण, म्हणजे घोड्याची चिघळलेली जखम, ते इथे होतं. चार मालक असले की जखमेला औषध कोणी लावायचं हा प्रश्न प्रत्येक बैठकीत पुढच्या बैठकीवर जातो.

म्हणून नव्या योजनेत यंत्रणा चालवायला एकच वेगळी संस्था काढली. मनोरे तिचे, देखभाल तिची, बिल पाठवायचं काम तिचं.

"बिल?" नानांचे कान टवकारले. "आत्ता तर म्हणालीस कर संपला."

"बांधायचा संपला. चालवायचा सुरू झाला. तो घरावर येत नाही, शहरावर येतो."

नाना आत गेले. मला वाटलं चहाला गेले. ते वही घेऊन आले.

"सांग. शहराला काय काय द्यावं लागतं?"

मी काही त्यातली तज्ज्ञ नाही, पण आमच्या समोरच्या घरात अग्निशमन दलातला एक जण राहतो, त्याला एकदा घरात बोलावलं की तो तासभर बोलतो. शिवाय शहरांची अंदाजपत्रकं वाचायला मिळतात, फक्त कोणी वाचत नाही. त्यावरून मला जे कळलं ते असं. नव्या यंत्रणेत शिरताना जुन्या संचाच्या बदल्यात नवा संच हा खर्च मतदारांनी दिलेल्या पैशांतून झाला. त्यामुळे पहिल्या दिवशी शहराला वाटतं की सगळं फुकटात पडलं. खरी गंमत दुसऱ्या दिवसापासून. वापरणाऱ्या प्रत्येक खात्याने दर संचामागे दर महिन्याला ठरलेलं शुल्क द्यायचं. बंबावर बसवलेला संच असो की शिपायाच्या पट्ट्याला लावलेला, मोजणी संचांची.

"म्हणजे गाडी चालो न चालो, भाडं चालू."

"हो. कपाटात पडलेला संचही शुल्क खातो."

नानांनी वहीत उभी रेघ मारली. "धर तीनशे संच. महिना पन्नास डॉलर धर, खरा आकडा काय असेल तो असो, हिशेबापुरतं. तीनशे गुणिले पन्नास, पंधरा हजार. बारा महिने, एक लाख ऐंशी हजार. दहा वर्षांत अठरा लाख डॉलर. आणि दहा वर्षांनी संच जुने होणार ना?"

"साधारण तेवढंच आयुष्य."

"मग नवे कोण घेणार? पुन्हा मत मागणार?"

"तोच तर मुद्दा नाना. पहिले संच मतदारांच्या पैशातून. वाढीव संच शहराचे. आणि यातला एक हातात धरायचा संच काही हजार डॉलरचा असतो."

"काही हजार!" नानींचं उलथनं वर गेलं. "तेवढ्यात पाटल्या होतात."

सोन्याच्या आजच्या भावात होतात का, हा वाद आम्ही टाळला. पण नानींना वाटलेलं आश्चर्य काही चूक नाही. मी तो संच हातात घेऊन पाहिलाय. समोरच्या शेजाऱ्याने एकदा दाखवला होता. विटेसारखा जड. वरचं बटण एवढं मोठं की जाड हातमोजे घालूनही फिरवता यावं. माथ्यावर एक नारिंगी कळ. ती दाबली की बोलावं लागत नाही, नियंत्रण कक्षाला कळतं की हा माणूस संकटात आहे. पाण्यात पडला, आपटला, धुरात राहिला तरी चालला पाहिजे. आणि असे संच कोटींनी खपत नाहीत, त्यामुळे फोनसारखी किंमत उतरत नाही. शिवाय ते पी25 या ठरलेल्या मानकातले असावे लागतात. वेगवेगळ्या कंपन्यांचे संच एकमेकांशी बोलावेत म्हणून हे मानक 1989पासून घडवत आणलंय. कागदावर त्यामुळे स्पर्धा होते. प्रत्यक्षात अमेरिकेतली अशी बरीच मोठी कामं मोटोरोलाकडेच जातात, आमचंही त्यांच्याकडेच गेलं.

"एकच निविदाकार मोठा झाला की दर तो सांगतो, आपण मान हलवतो," नाना म्हणाले. हे वाक्य त्यांनी अनुभवातून काढलं असणार, पण मी खोलात शिरले नाही.

मग मी त्यांना यंत्रणा कशी चालते ते सांगितलं, कारण खर्चाचं मूळ त्यात आहे. पूर्वी प्रत्येक खात्याला स्वतःची एक लहर असायची. पोलिसांची वेगळी, बंबांची वेगळी. पोलिसांची दिवसभर तुंबलेली आणि रस्ते खात्याची रिकामी, तरी इकडची तिकडे वापरता येत नसे. आता सगळ्या लहरी एकत्र ठेवतात. कोणी बटण दाबलं की मधला संगणक त्या क्षणी मोकळी असलेली लहर त्या गटाला देतो, बोलणं संपलं की परत घेतो. गट फक्त नावाचे, त्यांना ते टॉकग्रुप म्हणतात. मोठी आग लागली तर तीन शहरांच्या बंबांना एकाच गटावर आणता येतं. थोड्या लहरींत पुष्कळ माणसं मावतात. पण त्यासाठी मधला संगणक कधीच झोपून चालत नाही. त्याला जोड म्हणून दुसरा, वीज गेली तर जनरेटर, आणि चोवीस तास लक्ष ठेवणारी माणसं. या भागीच्या घोड्याचा रोजचा चारा म्हणायचा तो हा.

"आणि डोंगरावरचे मनोरे?"

"ते तर वेगळंच. तिकडे बर्फ सरल्यावरच्या महिन्यांतच बांधकाम होतं. जमीन कुठे वनखात्याची, कुठे खासगी, प्रत्येकाच्या परवानग्या. त्यामुळे सुरुवातीला सांगितलं त्यापेक्षा काही वर्षं उशीर झाला. पोलीस आणि बंब नव्या यंत्रणेवर आले ते 2023च्या सुमाराला."

"उशीर झाला म्हणजे जुनी आणि नवी दोन्ही चालवावी लागली असणार. दोन्हीकडे पगार." नाना लिहीत होते. मला असं वाटतं की जगातल्या कुठल्याही सार्वजनिक कामाचं अंदाजपत्रक त्यांच्यासमोर ठेवलं तर ते पहिल्यांदा उशिराचा खर्च शोधतील, आणि तो सापडेलही.

एक खर्च मात्र त्यांच्याही वहीत नव्हता. मोठ्या इमारतीत, तळघरातल्या पार्किंगमध्ये, काँक्रीटच्या जिन्यात रेडिओचा आवाज पोचत नाही. म्हणून आगीच्या नियमांत आता अट असते की नव्या इमारतीत बचावदलाचा रेडिओ चालला पाहिजे, नाही चालला तर मालकाने आत लहरी वाढवणारी यंत्रणा बसवायची. हा खर्च शहराच्या वहीत दिसत नाही, बिल्डरच्या दिसतो. आणि बिल्डर तो कोणाच्या गळ्यात घालतो, हे पुण्यात फ्लॅट घेतलेल्या माणसाला सांगायला नको.

"पुण्यावरून आठवलं," नाना म्हणाले. "आमच्या सोसायटीत लिफ्ट बसवली तेव्हा सगळ्यांनी हौसेने वर्गणी दिली. पेढे वाटले. देखभालीचे पैसे महिन्याला दोनशेने वाढले तेव्हा तळमजल्याचे भांडायला आले. मोडकी लिफ्ट बदलायची वेळ आली तेव्हा सिंकिंग फंडात काही नाही."

अगदी हेच. उभारणीला मतदान असतं, मिरवणूक असते, नेते फीत कापतात. देखभालीला नुसती अंदाजपत्रकातली ओळ असते, तीही 'आंतरसंस्था सेवा' अशा काहीतरी नावाखाली. ओळ वाढली की शहर दुसरीकडून कापतं. वाचनालयाचे तास, बागेतला माळी, कोणाला काय. लोकांना तो रेडिओच्या खर्चाचा परिणाम आहे हे कळतच नाही.

आणि बदलीचा पैसा बाजूला टाकणं तर त्याहून अवघड. कॅलिफोर्नियात मरिन काउंटीने अशीच सामाईक यंत्रणा काढली होती. ती म्हातारी झाल्यावर 2014च्या नोव्हेंबरात मतदारांकडे जाऊन दर घरामागे वर्षाला 29 डॉलर, असे वीस वर्षं, मंजूर करून घ्यावे लागले. तिथल्या लोकांनी दिले. पण प्रत्येक वेळी लोक देतीलच असं धरून चालणं हे काही हिशेब ठेवणं नव्हे.

"मला एक सांग," नानींनी मध्येच विचारलं. त्यांचे प्रश्न साधे वाटतात आणि घाव नेमका बसतो. "या संस्थेत निर्णय कोण घेतं? आपल्या रेडमंडचं कोणी आहे का त्यात?"

"मतं चार. काउंटीचं एक, सिएटलचं एक, पूर्वेकडच्या शहरांचं मिळून एक, दक्षिणेकडच्या शहरांचं मिळून एक. रेडमंड पूर्वेकडच्या गटात. बेलव्ह्यू, कर्कलंड, इसाक्वा, मर्सर आयलंड आणि आपण, पाच शहरांत मिळून एक मत. दक्षिणेला ऑबर्न, फेडरल वे, केंट, रेंटन, टकविला, त्यांचंही तसंच."

"म्हणजे आपला पाचवा हिस्सा एका मतात."

"आणि समामिशच्या त्या महाराष्ट्र मंडळातल्या लोकांचं काय, ज्यांच्याकडे गणपतीला गेलो होतो?" नानांना उत्साह आला.

"समामिशचं तर स्वतःचं पोलीस खातंच नाही. काउंटीच्या शेरीफकडून कंत्राटाने पोलीस घेतात. बंबही पाच-सहा ठिकाणच्या सामाईक संस्थेचे. त्यांच्या संचांचा खर्च त्या कंत्राटांच्या रकमेत मिसळून येतो. शोधायला गेलं तर तुम्हालाही एक दुपार लागेल."

नानांनी हे आव्हान समजून वहीच्या पुढच्या पानावर 'समामिश' असं लिहिलं. त्यांच्या मुलाला आता रात्री कसली कसली कागदपत्रं छापून द्यावी लागणार याची मला कल्पना आली.

माझं मत विचाराल तर सामाईकात शिरणंच शहाणपणाचं. इथे भूकंपाची टांगती तलवार आहे. 2001च्या फेब्रुवारीतला 6.8 रिश्टरचा धक्का जुन्या लोकांना अजून आठवतो, आणि त्याहून मोठा कधीतरी येणार हे शास्त्रज्ञ सांगतच असतात. 2014च्या मार्चमध्ये शेजारच्या स्नोहोमिश काउंटीत ओसोला डोंगर कोसळला, 43 माणसं गाडली गेली. अशा वेळी एका शहराचं घोडं कितीही तेज असलं तरी हद्दीबाहेर त्याचा उपयोग नाही. ओकलंडच्या तीन इंची खांबांसारखंच. पण सामाईक म्हणजे स्वस्त, असा जो समज करून दिला जातो तो मात्र खोटा. मनोरे वाटून घेतल्याने खर्च कमी होतो हे खरं, तरी शहराच्या हातातली एक गोष्ट जाते. पूर्वी तंगीच्या वर्षी 'यंदा रेडिओला हात नको' म्हणता यायचं. आता दर चार मतांनी ठरतो आणि बिल येतं. शहराला कमी-जास्त करता येतं ते एवढंच, संचांची संख्या. म्हणून हुशार शहरं संच मोजतात. कोणाकडे किती, कोणाचा वर्षभर वाजलाच नाही, कोणता परत करता येईल. हे कंटाळवाणं काम आहे, फीत कापायला कोणी येत नाही, पण भागीचं घोडं जगवायचं असेल तर रोज खरारा कोणीतरी करावाच लागतो.

"पण मला मत कुठे आहे?" नाना म्हणाले. थोडे खट्टू होऊनच. "तुला तरी कुठे आहे? तू अजून व्हिसावर."

खरंय. आमच्या गल्लीत निम्मी घरं अशी आहेत. कोणी एच-वन-बीवर, कोणी ग्रीनकार्डाच्या रांगेत, कोणी नानांसारखे रांगेतून नुकतेच बाहेर पडलेले. मालमत्ता कर सगळे भरतो, आणि 2015च्या त्या मतदानात आमच्यापैकी फार थोड्यांना भाग घेता आला असेल. त्यामुळे एक सवय झालीय, बिल आलं की भरायचं आणि महाराष्ट्र मंडळाच्या नाटकाची तिकिटं काढायची. शहराचं अंदाजपत्रक हे 'त्यांचं' काम.

तेव्हा इथल्या माझ्या मराठी शेजाऱ्यांना एक सांगते. रेडमंडचं अंदाजपत्रक दोन वर्षांचं असतं. जसं 2025 आणि 2026चं मिळून एक. मध्ये त्याचा आढावा होतो, आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला पुढचं मंजूर होतं. त्याआधी जनसुनावण्या होतात, नगर परिषदेच्या सभेत प्रत्येकाला काही मिनिटं मिळतात. आपल्या शहराकडे किती संच आहेत, दर संचामागे किती शुल्क जातं आणि दहा वर्षांनी नवे घ्यायला किती पैसे बाजूला टाकलेत, एवढं विचारा. नाना येणार आहेत, वही घेऊन. तुम्हीही या. मत द्यायला इथलं नागरिकत्व लागतं, सभेत प्रश्न विचारायला लागत नाही.